दृढीकरणानंतर मुलं मंडळीत का टिकत नाहीत, आणि तरुण संघ पुन्हा उभा करताना काय करावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षांपूर्वी मंडळीत, म्हणजे तुमच्या चर्चच्या समुदायात, तरुण संघ सुरू झाला. सुरुवातीला तीसेक मुलं यायची, आता सहा-सात उरली आहेत. दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीचा) वर्ग संपला की बरीचशी मुलं रविवारच्या उपासनेलाही दिसेनाशी होतात. गाणी, खेळ, सहली सगळं करून झालं. कमिटीचं म्हणणं, चांगला गिटार वाजवणारा आणा. शिवाय चर्चची पायरी कधीच न चढलेल्या, आसपासच्या मुलांपर्यंतही तुम्हाला पोहोचायचं आहे.

वाजवणारा शोधण्याआधी एक तपासून पाहा. ही सहा-सात मुलं येत्या रविवारी आली नाहीत, तर मंडळीतल्या किती मोठ्या माणसांच्या ते लक्षात येईल? आणि उपासनेतलं कोणतं काम त्यांच्यावाचून अडेल? कुणाच्या लक्षात येणार नसेल आणि काहीच अडणार नसेल, तर अडचण कार्यक्रमात नाही. लहानपणी रविवार शाळेची वेगळी खोली, मग दृढीकरणाचा वेगळा वर्ग, मग वेगळ्या दिवशी तरुण संघ, असं करत मुलं पंधरा-सोळा वर्षं मंडळीच्या आवारात वाढतात, पण मंडळीशी त्यांची गाठ पडत नाही. दृढीकरणही मग शेवटच्या परीक्षेसारखं होतं: पाठांतर, तारीख, फोटो आणि सुट्टी. त्यानंतर काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

ही अडचण नवी नाही. अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरात फ्रान्सिस क्लार्क या पाळकांनी १८८१ साली तरुणांसाठी ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ हा संघ सुरू केला, तो याच प्रश्नातून. मुलं विश्वासात आली, पण आता त्यांनी करायचं काय? क्लार्क यांनी करमणूक वाढवली नाही, काम दिलं. प्रत्येक सभासदाने प्रार्थनासभेत काही ना काही भाग घ्यायचा, प्रत्येकाने एखाद्या समितीत असायचं, आणि सभा तरुणांनीच चालवायची. ही पद्धत अनेक पंथांत आणि देशांत पसरली. माझ्या अनुभवातही तरुण टिकतात ते दोन कारणांनी: त्यांच्यावर सोपवलेलं खरं काम असतं, आणि त्यांना नावाने ओळखणारी मोठी माणसं असतात. बाकी सगळं यानंतर येतं.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. उपासनेत वाचन, प्रार्थना किंवा प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या विधीच्या) वेळी मदत कुणी करायची याचे नियम प्रत्येक पंथात वेगळे आहेत, तेव्हा पाळकसाहेबांशी आधी बोला. सहा-सात जणांत तेरा वर्षांची मुलगी आणि सत्तावीस वर्षांचा नोकरी करणारा मुलगा एकत्र असतील, तर वाचन एकत्र ठेवा, पण चर्चेसाठी अठराच्या आतले आणि बाहेरचे असे दोन गट करा. परीक्षांचे महिने आणि मुलींना घरी परतायची वेळ ध्यानात घेऊनच दिवस ठरवा. सोयीची वेळ नसेल तर मुली बोलून दाखवत नाहीत, येणं बंद करतात.

पहिला महिना नवीन काहीही सुरू करू नका, फक्त ऐका. आधी राहिलेल्यांशी बोला, मग गेलेल्यांशी. प्रत्येकाशी वीस मिनिटं, चारचौघांत दिसेल अशा जागी. “का येत नाहीस?” असं विचारलं की सबबच मिळते, कारण तो प्रश्न जाब विचारल्यासारखा वाटतो. त्याऐवजी “शेवटचा आलास त्या दिवशी काय झालं होतं?” असं विचारा. माणूस घडलेलं सांगू लागतो, आणि कारण त्यातच सापडतं. समजावू नका, परत ये असंही म्हणू नका, घरी गेल्यावर लिहून ठेवा. बहुतेक वेळा चार कारणं निघतात: ओळखीचं कुणी उरलं नाही, प्रश्न विचारला तर गप्प बसवलं, अभ्यास किंवा कामाची वेळ आड आली, आणि चौथं म्हणजे लाज. नापास झाल्याची, व्यसनाची, मोडलेल्या नात्याची. हे चौथं कारण क्वचितच उघड सांगितलं जातं. “वेळ मिळत नाही” या उत्तरामागे ते असू शकतं, एवढं मनात असू द्या.

आता आठवड्याची सभा. पंचाहत्तर मिनिटं पुरतात. पहिली दहा मिनिटं एकमेकांची विचारपूस, नंतर पस्तीस मिनिटं शास्त्रवाचन आणि चर्चा, दहा मिनिटं शांतता आणि प्रार्थना, शेवटची वीस मिनिटं कामाची आखणी. ठरल्या वेळी संपवाच. लांबलेली सभा पालकांचा विश्वास घालवते. प्रेषितांची कृत्ये विसाव्या अध्यायात पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत चाललं आणि खिडकीत बसलेला तरुण युतुख झोपेने पेंगून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, हे पुढाऱ्यांनी अधूनमधून वाचावं. पंधरवड्यातून एकदा भेटण्याचा मोह टाळा. एक सभा चुकली की महिनाभराची फारकत होते आणि परत येणं अवघड वाटू लागतं. दर आठवड्याला पुढारी पुरत नसतील तर सहा आठवडे सलग भेटा, दोन आठवडे थांबा, पुन्हा सहा आठवडे भेटा.

वाचनासाठी मी मार्ककृत शुभवर्तमान सुचवतो, म्हणजे येशूची कहाणी सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी एक. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, सोळा अध्यायांचं, आणि त्यात प्रसंग भराभर पुढे सरकतात. एका बैठकीला दहा ते वीस ओव्या पुरे. सुरुवातीला हे उतारे घ्या: छपरातून खाली सोडलेला पक्षाघाती (२:१-१२), वादळातली होडी (४:३५-४१), गर्दीत वस्त्राला शिवणारी स्त्री (५:२५-३४), आजारी मुलाचा बाप (९:१४-२९), दुःखी होऊन निघून गेलेला श्रीमंत माणूस (१०:१७-२२) आणि गेथशेमानेतली येशूची प्रार्थना (१४:३२-४२). सहा आठवड्यांची एक फेरी यात होते. या प्रत्येक उताऱ्यात कुणीतरी घाबरलेलं, अडलेलं किंवा आशा सोडलेलं आहे, त्यामुळे बोलायला आधीची माहिती लागत नाही. कालपर्यंत बायबल न उघडलेला मुलगाही श्रीमंत माणसाबद्दल मत देऊ शकतो.

पद्धत सोपी ठेवा. उतारा दोन वेळा वाचायचा, दोन वेगळ्या आवाजांत, जमल्यास दोन वेगळ्या भाषांतरांतून. मग प्रत्येकाला उताऱ्याची छापील प्रत आणि पेन्सिल. जे नव्याने उजळलं तिथे दिव्याची खूण, जे कळलं नाही किंवा खटकलं तिथे प्रश्नचिन्ह, आणि ज्यावर या आठवड्यात काही करता येईल तिथे बाण. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. नंतर चर्चा प्रश्नचिन्हांपासून सुरू करा, दिव्यांपासून नको. दिव्यांपासून सुरू केलं की सगळे योग्य ते बोलायला लागतात आणि ज्याला शंका आहे तो आपली प्रत उलटी ठेवतो.

हमखास चुकतं ते इथेच. पुढारी प्रश्न विचारतो, तीन सेकंद शांतता होते, त्याला ती सोसवत नाही आणि तोच उत्तर देतो. दोन-तीनदा असं झालं की मुलं गप्प राहून त्याच्याच उत्तराची वाट पाहायला शिकतात. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. दुसरी चूक प्रश्नातच असते. “येशूने वादळाला काय आज्ञा केली?” याचं उत्तर कागदावर आहे, त्यातून संभाषण होत नाही. “होडीतल्या माणसांना येशू झोपलाय याचा राग आला असेल का?” यावर होतं. तिसरी गोष्ट, लहानपणापासून रविवार शाळेत आलेली एक-दोन मुलं प्रत्येक उत्तर पाठ असल्यासारखी देतात आणि नवीन मुलं दबून जातात. त्यांना रागावू नका, त्यांना काम द्या: आज तू फक्त इतरांचे प्रश्न टिपून घे.

एखादा प्रश्न असा येईल की ज्याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. प्रार्थना करूनही आई का गेली, नरक खरा आहे का, दुसऱ्या धर्मातल्या माझ्या मित्राचं काय. “मला आत्ता सांगता येत नाही” असं स्पष्ट म्हणा, वहीत लिहा, आणि पुढच्या आठवड्यात तो प्रश्न स्वतःहून परत काढा. परत काढणं महत्त्वाचं, कारण त्यावरूनच मुलांना कळतं की त्यांचं बोलणं ऐकलं गेलं. शंका म्हणजे अविश्वास असं मुलांच्या मनात बसलेलं असतं. त्यांना शास्त्रातलीच माणसं दाखवा. मार्क ९:२४ मधला बाप एकाच दमात विश्वास आहे असंही म्हणतो आणि आपल्या अविश्वासासाठी मदतही मागतो, तरी त्याचा मुलगा बरा होतो. स्तोत्र १३ ची सुरुवातच ‘कुठवर?’ अशी आहे. स्तोत्र ८८ अंधारात संपतं, शेवटी दिलासा येत नाही, आणि तरीही ते प्रार्थनांच्या पुस्तकात आहे. यहूदाच्या छोट्याशा पत्रात बाविसाव्या ओवीत संशयात असलेल्यांवर दया करायला सांगितलं आहे. या ओवीची आठवण आम्हा पुढाऱ्यांनाच जास्त लागते.

घरच्या मननासाठी ‘रोज बायबल वाचा’ एवढं सांगून भागत नाही. बाराव्या शतकातल्या दुसऱ्या गीगो या मठवासीयाने चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत चिंतन. सतरा वर्षांच्या मुलासाठी याचं रूप असं: सभेत वाचलेल्या उताऱ्यातल्याच चार-पाच ओव्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत, एकदा मोठ्याने वाचन, जो शब्द अडकला त्यावर दोन मिनिटं, देवाशी दोन वाक्यं, मग एक मिनिट काहीच नाही. सात-आठ मिनिटांत होतं. आठवड्यातून तीन दिवस जमलं तरी चांगली सुरुवात आहे. रोजचं बंधन घातलं की चौथ्या दिवशी चुकतं आणि चुकल्याच्या अपराधीपणाने पाचव्या दिवशी सुटतं.

सभेत मुलांनी स्वतःचं मननही सांगावं, तीन मिनिटांचं, म्हणजे कागदावर साधारण साडेतीनशे शब्द. एक उतारा, त्यातली मनाला भिडलेली एक गोष्ट, आणि न सुटलेला एक प्रश्न. ‘साक्ष दे’ असा आग्रह मात्र धरू नका. अमुक दिवशी आयुष्य पालटलं अशी गोष्ट ज्याच्याकडे नसते, तो एक तर रंगवून सांगतो किंवा आपला विश्वासच खोटा समजू लागतो. हळूहळू वाढलेला विश्वास हाही विश्वासच आहे, हे पाळकसाहेबांनी उपदेशात उघड म्हटलं तर फार बरं.

आता रविवारकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. वर्षातून एकदा ‘तरुण रविवार’ साजरा करणं पुरेसं नाही. त्या दिवशी सगळी सूत्रं तरुणांकडे, आणि उरलेल्या एक्कावन्न रविवारी काहीच नाही, यातून मुलांना आपण पाहुणे आहोत हेच कळतं. त्याऐवजी दर रविवारी निदान दोन तरुणांची नावं सेवेच्या यादीत असू द्या, मोठ्यांच्या नावांशेजारी. शास्त्रवाचन, मध्यस्थीची प्रार्थना, ध्वनियंत्रणा, दाराशी स्वागत, रविवार शाळेत मदत, आजाऱ्यांच्या भेटीला मोठ्यांबरोबर जाणं, ही सगळी खरी कामं आहेत. राहिलेल्यांपैकी कुणाला गिटार येत असेल तर त्याला जुन्या गायनवृंदाबरोबर सरावाला बसवा. जुनी गीतं त्याला येतील, आणि वृंदातल्या मावशी-काकांना तो नावाने माहीत होईल.

काम दिलं की तयारीही द्यावी लागते. वाचनाचंच घ्या. उतारा सोमवारी हातात पडावा. शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये, खऱ्या माइकवर, एकदा पूर्ण वाचून घ्यावं. तोंड माइकपासून वीतभर लांब, विशेषनामं आधी तीन-चारदा उच्चारलेली, पूर्णविरामाला एक श्वास, आणि सुरुवात करण्यापूर्वी मंडळी स्थिरावेपर्यंत थांबणं. शेवटच्या रांगेत ऐकू येतं का हे मागे बसून एकाने पाहावं. उपासनेनंतर कुणीतरी नेमकं काही सांगावं: “योहानाचं नाव घेण्याआधी थांबलीस ते छान केलंस.” नुसतं “मस्त” म्हटल्याने शिकायला काही मिळत नाही. आणि चूक झाली तर व्यासपीठावरून कुणीही सुधारायचं नाही, हे कमिटीकडून आधीच कबूल करून घ्या. चारचौघांत एकदा टोकलं की तो मुलगा माइकजवळ पुन्हा फिरकत नाही, आणि त्याचे दोन मित्रही फिरकत नाहीत. कमिटीत तरुणांना जागा द्यायची असेल तर दोन द्या. एकटा तरुण बुजुर्गांत गप्प बसतो आणि मग ‘त्यांना काही म्हणायचंच नसतं’ असा निष्कर्ष निघतो.

मोठ्यांची साथ हा दुसरा खांब. प्रत्येक तरुणामागे तीन मोठी माणसं असावीत, त्याच्या आईवडिलांव्यतिरिक्त. त्यांनी उपदेश करायचा नाही. नाव लक्षात ठेवायचं, परीक्षा किंवा मुलाखत कधी आहे ते माहीत असायचं, त्या दिवशी प्रार्थना करायची आणि पुढच्या रविवारी कशी झाली ते विचारायचं. पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढतो. लहानग्या शमुवेलाला रात्री देवाची हाक आली तेव्हा म्हाताऱ्या याजक एलीला ती ऐकू आली नव्हती, पण उत्तर कसं द्यायचं हे एलीनेच सांगितलं. बहुतेक वयस्कर सभासदांना वाटतं की तरुणांशी बोलायला त्यांची भाषा, त्यांची गाणी यायला हवीत. तसं काही लागत नाही, विचारपूस पुरते.

बाहेरच्या मुलांपर्यंत पोहोचण्याचं काम याबरोबरच सुरू करा, पण लहानसं. बेल्जियममधले धर्मगुरू जोसेफ कार्डाइन यांनी गेल्या शतकात तरुण कामगारांसाठी एक पद्धत रुजवली: पाहा, पारखा, कृती करा. तुमच्या मुलांनी तीन आठवडे आपल्या परिसरातल्या समवयस्कांकडे नीट पाहावं. कुणाला अभ्यासाला शांत जागा नाही, कोण एकटं पडलंय, कोण शिक्षण सोडून कामाला लागलंय. चौथ्या आठवड्यात ते सगळं शास्त्रासमोर ठेवून बोलायचं आणि एकच गरज निवडायची. मग सहा आठवड्यांचं, संपण्याची तारीख असलेलं काम. उदाहरणार्थ, चर्चचं सभागृह आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन तास अभ्यासिका म्हणून उघडं ठेवणं: टेबलं, चांगला उजेड, पाणी आणि हजर असलेली दोन मोठी माणसं. शेवटी थांबून पाहायचं, आणि पुढे चालवायचं की नाही ते ठरवायचं.

गेल्या दोन-अडीचशे वर्षांत टिकलेल्या कामांत एक गोष्ट समान दिसते. ग्लॉस्टरमध्ये रॉबर्ट रेक्स यांची रविवार शाळा १७८० मध्ये सुरू झाली. रविवार निवडला कारण मुलं उरलेले सहा दिवस कामावर असत. लंडनमध्ये १८४४ साली वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना उभी राहिली ती कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या तरुणांनी आपल्यासारख्याच तरुणांसाठी. वेळ समोरच्याच्या आयुष्यावरून ठरली, आणि काम त्याच आयुष्यातल्या माणसांनी केलं. म्हणून अभ्यासिका कधी उघडी ठेवायची हे कमिटीने नको, ती वापरणाऱ्या मुलांनी सांगावं.

यात प्रामाणिकपणा कडक पाळा. हे काम मंडळीचं आहे हे फलकावर आणि तोंडाने स्पष्ट सांगा. मदत आणि उपासना यांची सांगड घालू नका. सभेला आलास तरच अभ्यासिका, असं सूचकपणेही नको. आमंत्रण एकदा, मोकळेपणाने द्या आणि नकार आला तर वागणूक तीच ठेवा. अठराच्या आतलं मूल दुसऱ्या धर्मातल्या किंवा चर्चला न येणाऱ्या घरातलं असेल, तर पालकांना माहिती आणि त्यांची परवानगी याशिवाय त्याला प्रार्थनेत बसवू नका. आमिष दाखवून जवळ आणलेल्या मुलाला देवाच्या प्रीतीबद्दल काही सांगण्याचा हक्क आपण गमावून बसतो.

सुरक्षिततेचे नियम लेखी हवेत, आणि पुढारी कितीही ओळखीचा असला तरी त्याला लागू हवेत. अठराच्या आतल्या मुलांबरोबर कायम दोन मोठी माणसं, एकमेकांच्या नात्यातली नकोत. एकट्याशी बोलायचं तर दार उघडं आणि इतरांच्या नजरेत. निरोप गटावरच, पालकांना सामील करून. रात्री खासगी संदेश नाहीत. “कुणाला सांगणार नाही” असं वचन कधीही देऊ नका, “तुझ्या सुरक्षिततेसाठी लागेल तेवढ्यांनाच सांगेन” असं म्हणा. मुलाने अत्याचाराबद्दल सांगितलं तर शांतपणे ऐका, उलटतपासणी करू नका, त्याचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवा आणि आपल्या देशाच्या कायद्यानुसार तक्रार करा. मंडळीच्या नावासाठी ते आत मिटवणं हे पाप आहे. कुणी जगण्याला कंटाळल्याचं बोललं तर जीव देण्याचा विचार येतो का हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना आणि डॉक्टरांना लगेच जोडा. प्रार्थना जरूर करा, पण डॉक्टरांच्या बरोबरीने.

कमिटीला सहा महिन्यांचा अवधी मागा आणि हजेरीचा आकडा सोडून तीन गोष्टी सांगण्याची तयारी ठेवा: किती तरुणांच्या नावावर ठरलेलं काम आहे, प्रत्येकाला घराबाहेरची किती मोठी माणसं ओळखतात, आणि गेलेल्यांपैकी किती जणांशी पुन्हा बोलणं सुरू आहे. सात जणांबाबत ही तीन उत्तरं चांगली असतील तर संघाचा पाया नीट बसला आहे, मग आकडा सातच का असेना. पुढाऱ्यांची जबाबदारी एकेका वर्षाची ठेवा, आणि सहाव्या महिन्यापासून पुढचा माणूस शेजारी बसवून तयार करा.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गाव सोडणाऱ्यांबद्दल एक राहिलं. त्यांची नावं हजेरीतून गळू देऊ नका. निघण्याच्या महिनाभर आधी पाळकसाहेबांनी तिथल्या एखाद्या मंडळीला पत्र लिहावं किंवा फोन करावा, तिथल्या एका माणसाचं नाव आणि नंबर मुलाच्या हाती द्यावा, आणि तो पोहोचल्यावर त्या माणसानेच त्याला पहिला फोन करावा. पहिल्या दोन-तीन रविवारांत तो कुठल्याच चर्चमध्ये गेला नाही तर सवय मोडते. मुलाने स्वतः चर्च शोधावं ही अपेक्षा अठराव्या वर्षी, अनोळखी शहरात, फार मोठी आहे. तेव्हा पत्र आधी जाऊ द्या, आणि मुलाच्या तीन मोठ्या माणसांपैकी एकाने पहिल्या रविवारी संध्याकाळी त्याला फोन करून जेवलास का, जागा मिळाली का, हे विचारावं.